लावरान्सची लेक आणि आपल्याकडचे वाचक

सिग्रिड उंडसेटची ‘क्रिस्तिन लावरान्सदातर’ ही त्रयी जमिनीच्या वाटणीपासून सुरू होते. 1306 साली सुंडबूच्या इवार येस्लिंगची मालमत्ता वारसांत वाटली जाते आणि सिल इथली शेतवाडी त्याच्या मुलीच्या, राग्नफ्रिदच्या वाट्याला येते. नवरा लावरान्स आणि लहानगी क्रिस्तिन यांच्यासह ती तिथे राहायला जाते. सुरुवातीला एवढंच. प्रेम, बंड, पाप, प्रायश्चित्त, प्लेग हे सगळं पुढच्या हजाराहून जास्त पानांत यायचं आहे. आधी जमीन कुणाची हे लेखिकेने सांगून टाकलं आहे.

शहरातला वाचक या वाटणीवरून पटकन पुढे सरकतो. जुन्नर-आंबेगावातला वाचक तिथेच थांबतो. मी ही त्रयी इंग्रजीतून वाचली आणि आमच्या भागात अनेकांना, तुकड्या-तुकड्यांनी, मराठीत सांगत गेले. जिथे जिथे सांगितली तिथे पहिला प्रश्न हाच आला: राग्नफ्रिदला भाऊ नव्हते का? भाऊ होते. त्रोंद नावाचा भाऊ पुढे कादंबरीत भेटतोही. मग भाऊ असताना मुलीला जमीन कशी मिळाली? मिळाली, कारण नॉर्वेचा राजा माग्नुस याने 1274 साली देशभरासाठी जो कायदा केला त्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. हे सांगितल्यावर घोडेगावच्या बाजूच्या एका बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आम्ही तिघी बहिणींनी हक्कसोडवर अंगठे दिले. भाऊबीज तुटायला नको म्हणून.”

आपल्याकडे महाराष्ट्राने 1994 साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला, 2005 साली तो देशभर लागू झाला. तरी तलाठ्याच्या आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रं होतच असतात. सडकेकडेची जमीन, बागायत झालेली जमीन, धरणात गेलेल्या जमिनीचा मोबदला या सगळ्यांत ‘बहिणींच्या सह्या’ हा विषय घरोघर आहे. त्या बाईंनी नॉर्वेचा नकाशा कधी पाहिला नव्हता. पण कादंबरी ज्या प्रश्नावर उभी आहे त्याच्या ऐन मध्यात त्या उभ्या होत्या. हे टिपण लिहायला बसण्याचं कारण त्यांची ती प्रतिक्रिया आहे.

परभाषेतली थोर कादंबरी ‘कळायला’ वाचकाकडे आधी काहीतरी असावं लागतं, असं आपण धरून चालतो. युरोपचा इतिहास, ख्रिस्ती धर्माची माहिती, थोडं इंग्रजी, थोडी शहरी सवय. या त्रयीच्या बाबतीत मला हे साफ चुकीचं वाटतं. शेतवाडी चालवणं, धान्य कोठारात भरणं, गुरं डोंगरावर चारायला नेणं, मुलीचं लग्न मोडल्यावर भावकीला तोंड देणं, सूनबाईच्या हाती घर सोपवणं हे ज्याने केलं आहे त्याच्याकडे ही त्रयी वाचायचं सगळं सामान आहे. उलट ज्यांच्याकडे हे नाही त्यांनाच तळटीपा लागतात.

आता त्रयीविषयी. उंडसेटचा जन्म 1882 चा, डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्गचा. वाढली नॉर्वेत. वडील इंगवाल्ड उंडसेट पुरातत्त्वज्ञ. त्यांनी मुलीला लहानपणीच जुन्या वस्तू, जुन्या कथा यांची गोडी लावली आणि ती अकरा वर्षांची असताना ते वारले. घरची परिस्थिती बिघडली. मुलगी शिकण्याऐवजी कचेरीत कारकुनी करू लागली आणि ती तिने दहा वर्षं केली. रात्री लिहायची. मध्ययुगावरची पहिली कादंबरी घेऊन ती प्रकाशकाकडे गेली तर तिला सल्ला मिळाला की ऐतिहासिक कादंबरीच्या नादी लागू नका, काही आधुनिक लिहा. तिने ते लिहिलंही. 1907 साली तिचं पहिलं पुस्तक आलं ते आजच्या काळातल्या विवाहित बाईवरचं. पण वडिलांनी दिलेला काळ तिने सोडला नाही. लग्न, तीन मुलं, त्यातली एक मुलगी आजारी, नवऱ्याच्या आधीच्या लग्नाची मुलं, मग नवऱ्यापासून वेगळं होणं, लिलेहामरला स्वतःचं घर करणं, एवढं सगळं पाठीशी घेऊन ती या त्रयीला बसली. पहिला भाग 1920 साली आला, दुसरा 1921, तिसरा 1922. मराठीत त्यांची नावं ‘मुकुट’, ‘घरधनीण’ आणि ‘क्रूस’ अशी होतील. 1928 साली तिला नोबेल मिळालं, आणि समितीने मुख्यतः उत्तरेकडच्या मध्ययुगीन जीवनाच्या तिच्या प्रभावी चित्रणाचा गौरव केला.

थोडक्यात कथा अशी. लावरान्स हा खोऱ्यातला मोठा, धर्मभीरू, न्यायी शेतकरी. त्याची लाडकी क्रिस्तिन सिमोन नावाच्या सज्जन तरुणाला दिलेली आहे. ओस्लोच्या मठात राहायला गेलेली असताना ती एरलेंडच्या प्रेमात पडते. एरलेंड देखणा, शूर आणि बेभरवशाचा. दुसऱ्याची बायको पळवून आणलेली, तिच्यापासून दोन मुलं. क्रिस्तिन बापाचा शब्द मोडते, सिमोनला सोडते, एरलेंडशीच लग्न करते. लग्नात ती कुमारिकेचा मुकुट घालते तेव्हा तिला दिवस गेलेले असतात. पुढची दोन पुस्तकं या एका गोष्टीचा हिशेब आहेत: सात मुलगे, एरलेंडची राजद्रोहाची मसलत, जप्त झालेलं त्याचं हुसाबी, माहेरच्या योरुंडगोर्डला परत येणं, नवरा-बायकोत पडलेली फूट, एरलेंडचा मृत्यू, मुलांच्या संसारात उरलेली क्रिस्तिन, मठ, आणि 1349 साली बेर्गनच्या बंदरात जहाजातून उतरलेला प्लेग.

क्रिस्तिनचा काळ आपल्याकडचा कोणता, हे मी नेहमी आधी सांगते. ज्ञानेश्वरी 1290 ची. ज्या आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी आहे तिथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नामदेवांचं निर्याण 1350 चं. म्हणजे क्रिस्तिनचं आयुष्य नामदेवांच्या आयुष्यात मावतं. ती मठात जाते त्या सुमारास, 1347 साली, दख्खनमध्ये बहमनी राज्य उभं राहतं आणि जुन्नर पुढे त्यातलं महत्त्वाचं ठाणं होतं. लावरान्सचे उपवास, शुक्रवारी गाळलेलं मांस, दारी आलेल्या भिक्षूला बसवून त्याच्याशी केलेली धर्मचर्चा हे वाचताना ओतूरच्या चैतन्यस्वामींच्या समाधीला नेमाने जाणारा माळकरी पाटील डोळ्यांपुढे आला, असं सांगणारे मला भेटले. त्यात काही ओढूनताणून नाही. शेतकऱ्याची श्रद्धा तिथेही ऋतूंनी आणि सणांनी बांधलेली आहे, इथेही.

नॉर्वेशी मराठीची ओळख मात्र शेतातून झाली नाही, ती नाटकातून झाली. 1933 साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं. श्री. वि. वर्तकांनी ते ब्यर्न्सनच्या नाटकावरून बेतलं होतं. मूळ नाटकातली नायिका, नवरदेवाचं पूर्वायुष्य कळल्यावर, त्याच्या तोंडावर हातमोजा फेकते आणि विचारते की जी निर्मळता बाईकडून मागता ती पुरुषाकडून का नाही? केशवराव दाते, ज्योत्स्ना भोळे यांचं ते नाटक मराठी रंगभूमीच्या इतिहासात वळणाचं मानलं जातं. मग 1941 साली अनंत काणेकरांनी इब्सेनच्या नोराला ‘घरकुल’मध्ये मराठी घरात आणलं, आणि पुढच्याच वर्षी रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त तिची सावली सगळ्यांना दिसली. त्यामुळे झालं असं की ‘नॉर्वेची बाई’ म्हटलं की शिकलेल्या मराठी वाचकाला दार उघडून निघून जाणारी बाई हवी असते.

क्रिस्तिन निघून जात नाही. ती बंड करते ते सतराव्या-अठराव्या वर्षी, प्रेमासाठी. नंतर आयुष्यभर त्या बंडाची किंमत कशी फेडायची ते पाहत राहते. म्हणून पुण्यात शिकून आलेल्या तरुण मुलींची प्रतिक्रिया बहुतेक चिडीची असते. ही सारखी स्वतःला का टोचून घेते? एरलेंडने काय कमी केलं, मग पश्चात्ताप हिच्याच वाट्याला का? हा राग खरा आहे आणि त्यात तथ्य आहे. पण उंडसेट स्वतः तिच्या काळातल्या स्त्रीमुक्तीच्या चळवळीशी सरळ सहमत नव्हती. त्रयी पूर्ण झाल्यावर 1924 साली तिने कॅथॉलिक धर्म स्वीकारला. तिला बाईच्या स्वातंत्र्यापेक्षा बाईच्या जबाबदारीत रस होता, आणि ती जबाबदारी तिने पुरुषांवरही तितक्याच कठोरपणे टाकली. एरलेंडला ती कुठेही सोडत नाही. लावरान्सलाही नाही. हे दिसायला दुसरा भाग गाठावा लागतो. चिडलेल्या वाचकांना माझी विनंती एवढीच असते की चीड ठेवा, पण पुस्तक ठेवू नका.

वय बदललं की माणसं बाजू बदलतात, ही या त्रयीची ख्याती आहे. विशीतल्याला एरलेंड आवडतो. चाळिशीतल्याला सिमोन. साठीतला माणूस लावरान्सपाशी जाऊन बसतो. आमच्याकडेही हेच झालं, पण त्यात एक भर पडली. मुली असलेले बाप पहिल्या भागाच्या शेवटच्या प्रकरणापुढे जाऊच शकले नाहीत. तिथे लग्नाच्या रात्री, नवरानवरीला शयनगृहात पोचवून आल्यावर, लावरान्स आणि राग्नफ्रिद एकटे बसलेले आहेत. लावरान्सला आजच उमगलं आहे की एरलेंड आणि क्रिस्तिन एकमेकांना आधीपासून ओळखतात. मुलीने बापाला फसवलं. तो ते बायकोला सांगतो, आणि राग्नफ्रिद वीसहून अधिक वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बोलून टाकते: तीही लग्नाआधी दुसऱ्या पुरुषाची झालेली होती. लावरान्स काही ओरडत नाही, उठून जात नाही. या दोन माणसांमध्ये त्या रात्री जे घडतं त्याला नाव देता येत नाही. मी ते प्रकरण सांगितलं त्या दिवशी चहा गार झाला आणि एका निवृत्त शिक्षकांनी एकच विचारलं, “पुढच्या सकाळी तो कामाला गेला का?” गेला. शेतकरी जातोच.

सर्वांत गंमतीने, आणि सर्वांत कळकळीने, आपल्याकडची माणसं वाद घालतात तो एरलेंडच्या घरजावईपणावर. राजद्रोहात त्याचं वडिलोपार्जित हुसाबी राजाने घेतलं. मग तो बायकोच्या माहेरी, योरुंडगोर्डला राहायला येतो. खोऱ्यातले लोक त्याला मान देत नाहीत. त्याला शेतीतलं कळत नाही, त्याचा जीव घोडे, जहाजं, लढाया यांत. क्रिस्तिनच सगळं पाहते: पेरणी, गडी, गुरं, लोणी, लोकर. एकदा भांडणात ती बोलून जाते की माझ्या बापाच्या जागेवर बसायची तुझी लायकी नाही. एरलेंड घोड्यावर बसतो आणि डोंगरावरच्या हाउगन नावाच्या पडक्या वाडीवर एकटा राहायला जातो. परत यावं असं त्याला वाटतं, पण बोलावणं यायला हवं. तिने तिकडे यावं असं त्याला वाटतं, पण ती शेत आणि मुलं सोडून जात नाही.

यावर आमच्याकडे दोन तट पडले, आणि ते बायका विरुद्ध पुरुष असे पडले नाहीत, जमीन गेलेले विरुद्ध जमीन असलेले असे पडले. हे मला कुठल्याही समीक्षेत मिळालं नसतं. आंबेगाव तालुक्याचं ज्या गावावरून नाव आहे ते आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याचं नाव राहिलं, कचेरी घोडेगावला. धरणाने गाव गमावलेल्या कुटुंबांतल्या माणसांना एरलेंड पहिल्या क्षणापासून कळला. एका गृहस्थांनी सांगितलं की पुनर्वसनाच्या जागी वडील दहा वर्षं राहिले, पण गडी माणसासारखे कधी बसले नाहीत, कायम पाहुण्यासारखे ओट्याच्या कडेला. हाउगनला निघून जाणाऱ्या माणसाकडे त्यांनी त्या नजरेने पाहिलं. पूर्व भागातल्या, डिंभ्याच्या आणि कुकडीच्या कालव्यांवर ऊस, कांदा, टोमॅटो काढणाऱ्या घरांना एरलेंड पळपुटा वाटला. सात पोरं टाकून डोंगरात जाऊन बसतो म्हणजे काय? दोन्ही प्रतिक्रिया पुस्तकात आहेत. उंडसेटने एरलेंडला दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे आणि निवाडा दिलेला नाही.

पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या रस्त्याने वर गेलं की हिरड्याची झाडं आणि भातखाचरं सुरू होतात, तिथे वेगळ्याच जागेने लोक पुस्तकात शिरले. पहिल्या भागात सात वर्षांची क्रिस्तिन वडिलांबरोबर प्रथमच डोंगरावरच्या चराईला जाते. सगळे झोपलेले असताना ती ओढ्याकडे जाते. पाण्यात वाकून पाहते तेव्हा पलीकडे एक ठेंगणी, पांढुरक्या चेहऱ्याची बाई दिसते. ती सोनेरी फुलांची वेणी पुढे धरून तिला बोलावते. घोडा खिंकाळतो, पोरगी पळत सुटते. लावरान्स भेदरतो, तिच्या गळ्यात क्रूस बांधतो, नीट देवाचं नाव घेतो. हा प्रसंग मी सांगत असताना एक म्हातारी मध्येच म्हणाली, “आसरा. पाणवठ्यावर पोरीला एकटं सोडायचं नसतं.” सातीआसरांना हळदकुंकू वाहणाऱ्या, वाटेवरच्या वाघोबापुढे थांबल्याशिवाय रानात न शिरणाऱ्या माणसांना या प्रसंगात ‘जादुई’ काही दिसत नाही. त्यांना फक्त वाटतं की बापाने योग्य केलं. त्यामुळेच पुढे त्यांना कादंबरीचा धागा लवकर सापडतो: पाण्यापलीकडची फुलांची वेणी आणि लग्नातला सोन्याचा मुकुट या दोन्हींत काही नातं आहे, हे त्यांना कुणी दाखवावं लागलं नाही.

तो मुकुट दुसऱ्या भागात परत येतो. पहिला मुलगा नाक्वे जन्मल्यावर क्रिस्तिन त्याला पाठीशी बांधून हुसाबीहून निदारोसला अनवाणी चालत जाते. निदारोस म्हणजे आजचं त्रोंदहाइम. तिथे संत ओलाफची समाधी. लग्नात खोटेपणाने घातलेला मुकुट ती तिथे अर्पण करते. लेण्याद्री, ओझर, भीमाशंकर, आळंदी इकडे वर्षभर माणसं चालत असतात. नवस बोलून चालणारी, नवस फेडायला चालणारी आणि काही सांगता न येण्यासारखं मनात घेऊन चालणारी. तिसऱ्या प्रकारची माणसं मोठ्याने बोलत नाहीत, पण हे पान वाचून झाल्यावर जी शांतता पसरते ती त्यांची असते.

तिसऱ्या भागाबद्दल इथे फार सांगत नाही, वाचकाने तो स्वतः गाठावा. एकच गोष्ट नोंदवते. गौते नावाचा मुलगा आणि त्याची बायको योफ्रिद योरुंडगोर्ड चालवू लागतात तेव्हा क्रिस्तिन कमरेच्या किल्ल्या सुनेच्या हाती देते. योफ्रिद वाईट नाही. कामसू आहे, नीट आहे, सासूला मान देते. तरी रोज, बारीकसारीक गोष्टींत, घर तिच्या हातून सुटत जातं: दूध कुठे ठेवायचं, गड्याला किती वाढायचं, पाहुण्याला कुठे बसवायचं. आपल्याकडच्या सासूसुनांच्या कथांत भांडण असतं. इथे भांडण नाही, म्हणून जास्त लागतं. मंचरच्या एका बाईंनी, ज्यांच्या हाती चाळीस वर्षं घराच्या किल्ल्या आहेत, हे प्रकरण मला दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी सून सोबत आणली.

भाषांतराबद्दल दोन शब्द, कारण वाचकांच्या पुष्कळ तक्रारी मुळात तिथे असतात. इंग्रजीत ही त्रयी प्रथम चार्ल्स आर्चर आणि जे. एस. स्कॉट यांनी विसाव्या शतकाच्या विशीच्या दशकात आणली. त्यांनी ती जुनाट, बायबलसारख्या इंग्रजीत घातली आणि काही भाग गाळले. पिढ्यान्पिढ्या वाचक म्हणत राहिले की पुस्तक थोर आहे पण जड आहे. मग टीना ननली यांनी 1997 ते 2000 या काळात तीनही भाग नव्याने इंग्रजीत केले, गाळलेलं परत घेतलं, भाषा साधी ठेवली. तिसऱ्या भागाच्या भाषांतराला 2001 साली पेनचा भाषांतर पुरस्कार मिळाला, आणि पुष्कळांना कळलं की जडपणा उंडसेटचा नव्हताच. तिची मूळ नॉर्वेजियन सरळ आहे. वाचक अडखळला तर दोष वाचकाला देण्याआधी मध्ये कोण उभा आहे ते पाहावं.

मराठी वाचक परकी त्रयी पेलू शकेल का, ही शंका मी अनेकांकडून ऐकली आहे. तिचं उत्तर फार पूर्वी मिळालेलं आहे. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी कॉनराड रिक्टर या अमेरिकी लेखकाची त्रयी मराठीत आणली: ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’. ओहायोच्या घनदाट जंगलात येऊन पडलेलं एक कुटुंब. आई जाते, बाप निघून जातो. थोरली सेवर्ड भावंडं वाढवते, झाडं तोडते, शेत करते, म्हातारपणी आपण तोडलेल्या झाडांसाठी हळहळते. मूळ तीन पुस्तकं 1940, 1946 आणि 1950 सालची, आणि शेवटच्या पुस्तकाला पुलित्झर मिळालं होतं. जी.एं.सारख्या स्वतःच्या कथांनी आधीच मोठ्या झालेल्या लेखकाने दुसऱ्याच्या तीन कादंबऱ्यांवर एवढी मेहनत घ्यावी, यातच त्या कामाचं मोल आहे. मला ती पुस्तकं घराघरांतल्या जुन्या कपाटांत भेटली आहेत, पानं पिवळी पडलेली, आणि वाचणाऱ्यांना लेखकाचं नाव आठवत नाही पण सेवर्ड आठवते. क्रिस्तिन वाचायच्या आधी ‘रान’ वाचा असं मी सांगत असते. आणि त्याच्या जोडीला उद्धव शेळक्यांची 1960 सालची ‘धग’. कौतिक आणि क्रिस्तिन यांच्यात सहा शतकं आणि अर्धी पृथ्वी आहे, पण नाकर्त्या नवऱ्याबरोबर घर ओढणं कसं असतं ते दोघींनाही विचारता येईल.

पुढच्या पानांची मांडणी कशी आहे ते सांगून थांबते. प्रत्येक भागाचा गोषवारा आधी दिला आहे, त्यानंतर त्या भागावरच्या प्रतिक्रिया. ज्यांनी त्या दिल्या त्यांची नावं दिलेली नाहीत, कारण पुष्कळांनी पुस्तकाच्या निमित्ताने घरचं बोललं आहे. फक्त गावाचा पट्टा आणि साधारण वय लिहिलं आहे. एकमेकींना छेद देणाऱ्या प्रतिक्रिया तशाच ठेवल्या आहेत. एरलेंडवरची दोन टोकाची मतं मुद्दाम समोरासमोरच्या पानांवर घेतली आहेत. नॉर्वेतली नावं सुरुवातीला जिभेवर बसत नाहीत, म्हणून माणसांची यादी शेवटी दिली आहे. तिथे बाप, मग मूल, असा क्रम आहे. नॉर्वेत त्या काळी लग्नानंतरही बाईमागे बापाचंच नाव राहायचं, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. ज्यांना इंग्रजीतून वाचायचं आहे त्यांनी ननलींचं भाषांतर घ्यावं. ज्यांना ऐकायचं आहे त्यांनी आवणी आटोपल्यावर कळवावं. पहिल्या भागाला चार-पाच संध्याकाळी लागतात, दुसऱ्याला जास्त. आणि ज्यांचं अजून हाउगनच्या प्रकरणावर काही सांगायचं राहिलं असेल त्यांच्यासाठी दुसऱ्या आवृत्तीत जागा ठेवली आहे.